विरुद्ध बाजूचं हरवलेलं भाषण

प्रबुद्ध आणि मी जन्मभर एकाच संघात होतो आणि जन्मभर एकमेकांच्या विरुद्ध बोललो. यात कोडं काही नाही. कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेचा नियमच तो आहे. प्रत्येक कॉलेजातून दोघं जातात, एकाने विषयाच्या अनुकूल बोलायचं, दुसऱ्याने प्रतिकूल, आणि करंडक दोघांच्या गुणांची बेरीज करून देतात. म्हणजे आपल्या जोडीदाराने आपले मुद्दे जितके झोडपावेत तितका करंडक आपल्या जवळ येतो. अशा स्पर्धेत ज्यांचं जमतं त्यांच्या घरी शांतता नांदेल अशी अपेक्षा कोणी करू नये.

मी अनुकूल, तो प्रतिकूल. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात हे पहिल्या दिवशीच ठरलं. दोघंही लहानपणापासून चौदा एप्रिलच्या स्टेजवर बोलून तयार झालेलो. मी मुलुंडच्या वस्तीतली, तो विक्रोळीच्या. आमच्याकडे पोर चार ओळी पाठ म्हणण्याइतकं झालं की त्याला माइकसमोर उभं करतात, त्यामुळे भीती कोणालाच नव्हती. "अनुकूल बोलायला मत लागतं, मित्रा," तो म्हणायचा. "प्रतिकूल बोलायला नुसतं डोकं पुरतं. मतं तुझ्याकडे भरपूर आहेत." माझं नाव संघमित्रा, त्यातलं संघ त्याने पहिल्याच आठवड्यात गाळून टाकलं होतं.

लग्नानंतर घरातलं काहीही ठरवायचं झालं की आम्ही वादविवाद घ्यायचो. गंमत म्हणून सुरू झालं आणि मग त्याशिवाय करमेना. फ्रीज घ्यावा की नाही, आमच्या चेतनाला मराठी शाळेत घालावं की इंग्रजी, त्याच्या आईला कायमची इकडे आणावी की नाही. मी अनुकूल बोलायची, तो प्रतिकूल, त्याला स्वतःला ती गोष्ट हवी असली तरीही. स्वतःच्या आईच्या येण्याविरुद्ध तो इतकं चांगलं बोलला की मला रडू आलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी तिला आणायला वाशीमची तिकिटं काढली. बोलताना तो ओट्यावर चढून बसायचा, लसूण सोलत. माझं एक वाक्य म्हणून धड पुरं होऊ द्यायचा नाही. "मुद्द्यावर या वक्त्या, मुद्द्यावर या," असं मध्येच. मी चिडायची. चिडले की मी चांगली बोलते, हे त्याला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी तो ऑफिसात बसल्या जागी गेला. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस, दुपारी त्याच्या साहेबांचा फोन. हृदय थांबलं म्हणाले.

लोक भेटायला आले. "संघमित्राताई, तुम्ही दोघं किती बोलायचात, आता घर खायला उठत असेल," असं म्हणून गेले. घर खायला उठतंय हे मला दिसत होतं, सांगायला माणसं कशाला हवीत. पण मला खरं काय झालं होतं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मला काही ठरवता येईना. पडदे फाटले, नवे कुठल्या रंगाचे घ्यावेत ते ठरेना. मी निळ्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडायची, ओट्याकडे बघून थांबायची, आणि समोरून काही यायचं नाही. शेवटी फाटकेच ठेवले. विमा कंपनीतली नोकरी तेवढी होती, तिथे ठरवायचं काही नसतं, वरून येतं ते पुढे पाठवायचं. गेल्या वर्षी तीही संपली आणि मी रिटायर झाले.

अशात मला इरावतीबाईंचा वर्ग सापडला. विलेपार्ल्यात एका भाचीच्या साखरपुड्याला गेले होते, लवकर पोहोचले, म्हणून शेजारच्या वाचनालयात पंख्याखाली जाऊन बसले. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'प्राचीन रोममधील राजकीय भाषणे. मूळ लॅटिनमधून वाचन, दर शनिवारी. लॅटिन येत नसले तरी चालेल. वाद घालता यावा.' पहिल्या ओळींशी माझा काडीचा संबंध नव्हता. शेवटच्या ओळीसाठी मी नाव दिलं.

इरावतीबाई ऐंशीच्या आतबाहेर. कॉलेजात प्राचीन इतिहास आणि लॅटिन शिकवून रिटायर झालेल्या, पार्ले पूर्वेला तळमजल्यावर एकट्या राहतात आणि वर्ग घरातच घेतात. विद्यार्थी तीन. एक मी. दुसऱ्या वसुधाताई, निवृत्त डॉक्टर, ज्या दर शनिवारी येतात आणि दर शनिवारी त्यांना बसल्या बसल्या झोप लागते. तिसरा प्रज्योत, वर्सोव्याचा कोळ्यांचा मुलगा, अंधेरीच्या कोर्टात तीन वर्षं वकिली करतोय. त्याला कोणीतरी सांगितलं की जुन्या रोमचे वकील भाषण करून मारेकऱ्यालाही सोडवायचे. "ताई, ती आयडिया शिकून घेतो आणि निघतो," असं मला पहिल्या दिवशी म्हणाला होता. निघाला नाही, अजून येतो.

बाई आधी लॅटिन मोठ्याने वाचतात. खणखणीत, हात उचलून, समोर खरोखर न्यायाधीश बसलेत असं समजून. मग एकेका वाक्याचा अर्थ सांगतात. मला लॅटिन आलं असं मी म्हणणार नाही, पण वर्षभरात कान बसला. क्रियापद वाक्याच्या पार शेवटाला येतं, आपल्या मराठीतल्यासारखंच, त्यामुळे माणूस काय करणार आहे हे कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. प्रबुद्धला ही भाषा झेपली नसती. तो शेवटपर्यंत थांबणाऱ्यातला नव्हता.

आम्ही वाचत होतो ते भाषण निवडणुकीच्या खटल्यातलं. रोममध्ये सर्वात मोठ्या पदाची निवडणूक झाली, एक पुढारी निवडून आला, आणि पडलेल्या उमेदवाराने त्याच्यावर मतं विकत घेतल्याचा खटला भरला. निवडून आलेल्याचं वकीलपत्र घेतलं त्या काळच्या सगळ्यात मोठ्या वक्त्याने. नावं लांबलचक आहेत, मी त्याला वकीलसाहेबच म्हणते. गंमत अशी की मतं विकत घेण्याविरुद्धचा कडक कायदा त्याच वर्षी वकीलसाहेबांनीच करून घेतला होता, आणि ज्याने खटला भरला तो त्यांचा जवळचा मित्र होता. मित्र समोर बसलाय आणि साहेब त्याची भर कोर्टात टिंगल करताहेत. तुझं कायद्याचं ज्ञान म्हणजे नुसता शब्दांचा कीस, त्याने निवडणूक जिंकता येत नाही, वगैरे. प्रज्योत पोट धरून हसला. मला मात्र त्या मित्राचा चेहरा बघायचा होता.

"मित्र काय म्हणाला?" मी बाईंना विचारलं.

"माहीत नाही. त्याचं भाषण उरलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हरवलं. दोन हजार वर्षांत कोणी उतरवून ठेवलं नाही. बहुतेक खटल्यांत हेच आहे, संघमित्रा. आपल्याकडे एकाच बाजूचा आवाज आलाय. समोरचा काय बोलला ते गेलं."

मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नळाखाली पेला धरला, तो भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाही. परत आले तेव्हा वसुधाताई जाग्या झाल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

बाईंच्या वर्गाची एक पद्धत आहे. प्रत्येक भाषण वाचून झालं की आमच्यातल्या एकाने समोरच्या बाजूचं हरवलेलं भाषण तयार करून उभं राहून करायचं. मनाने काही घालायचं नाही. जे भाषण हातात आहे त्यातूनच काढायचं. ते कसं काढायचं हेच त्या शिकवतात. वक्ता ज्याची टिंगल करतो ते त्याला लागलेलं असतं. जिथे तो घाई करतो तिथे त्याच्याकडे उत्तर नसतं. आणि जिथे तो म्हणतो 'या गोष्टीबद्दल मी बोलणारच नाही', तिथे बोट ठेवायचं, कारण त्याच्या मनात सगळ्यात जास्त तीच गोष्ट असते. रोमचे वक्ते हे मुद्दाम करायचे, आपण नकळत करतो, एवढाच फरक, असं त्या म्हणतात.

त्या खेपेला पाळी माझी होती. मी आठवडाभर बसून त्या मित्राचं भाषण तयार केलं आणि बाईंच्या टीपॉयसमोर उभी राहून केलं. प्रज्योतने टाळ्या वाजवल्या. बाईंनी चष्मा काढला.

"चांगलं बोललात. पण तुम्ही त्याला मुद्दाम लंगडा केलात."

"कोणाला?"

"मित्राला. त्याचा प्रत्येक मुद्दा वकिलाला खोडता येईल असाच ठेवलाय तुम्ही. तुम्ही उभ्या त्याच्या बाजूने आणि जिंकवताय समोरच्याला. वकिलाची बाजू तुमच्या अंगवळणी पडलीय." मग जरा हसून म्हणाल्या, "तुमच्या घरात जिंकत कोण होतं?"

"मी," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण ते सांगताना मला अभिमान वाटायला हवा होता, आणि वाटला नाही.

त्याच आठवड्यात चेतनाचा फोन आला. चेतना आमची एकुलती एक, बेंगळुरूला असते. तिला दिवस गेलेत, पाचवा महिना. मी बाळंतपणाला जाणार हे ठरलेलंच होतं. पण ती म्हणाली, "आई, पाहुणी म्हणून नको येऊस. कायमची ये. आम्ही एक खोली जास्तीची घेतलीय ती तुझ्यासाठीच. मुलुंडचं घर विकून टाक ना."

"आणि माझं इकडचं सगळं?"

"इकडचं सगळं काय आहे तुझं, आई?"

मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "दोन वर्षं बघतेयस तू. पडदे तरी बदललेस का? खालच्या मजल्यावरच्या सगुणाकाकूंना त्यांच्या भावासाठी घर हवंय. रविवारी सांग त्यांना हो की नाही. तू नाही म्हणालीस तर मी परत विषय काढणार नाही. पण मग फोन करून एकटी आहे म्हणून रडायचं नाही." बापाची मुलगी आहे, बोलायला ऐकत नाही.

मला जायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला हवं ते मला माहीत नव्हतं असं कोणाला वाटायला नको. चेतनाजवळ राहावं असं वाटायचं, तिच्या बाळाला अंगाखांद्यावर खेळवावं असंही फार वाटायचं. पण मुलुंडचं घर सोडवत नव्हतं. त्या घरात तो बोलला होता. तीस वर्षं एका माणसाचा आवाज ज्या भिंतींनी ऐकला त्या भिंती सगुणाच्या भावाला देऊन टाकायच्या, आणि तो तिथे टीव्ही लावणार.

मग मी आमच्या पद्धतीने करायला घेतलं. विषय: 'संघमित्राने मुलुंडचे घर सोडू नये.' अनुकूल मी. शुक्रवारी रात्री जेवून झाल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले आणि ओट्याकडे तोंड करून बोलले. माझी बहीण पलीकडच्या इमारतीत आहे, माझी सगळी माणसं इथे आहेत, कन्नडचं अक्षर मला येत नाही, गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात. जोरदार बोलले. मग ओट्याला टेकून, प्रतिकूल बाजू मांडायला घेतली.

आणि माझ्या तोंडून जो प्रबुद्ध बोलायला लागला तो मला ओळखताच येईना. "जा मित्रा, मुलगी आहे आपली, ती काळजी घेईल," असं गुळमुळीत. आयुष्यात हा माणूस असं एक वाक्य बोलला नाही. श्रद्धांजलीच्या फलकावर छापतात तसा शहाणा, शांत आणि मेलेला. त्याला खोडायला मला क्षणभरही लागला नाही. मी जिंकले आणि तिथेच फरशीवर बसून रडले. मला जिंकायचं नव्हतं. मला तो हवा होता, खवचट, मध्ये मध्ये तोंड घालणारा, लसणाची सालं सगळीकडे उडवणारा. त्याचा चेहरा आठवत होता, शर्ट आठवत होते, पण तो या विषयावर काय बोलला असता ते काही केल्या सापडत नव्हतं. माणूस गेला तेव्हा गेला, आता त्याचं बोलणंही गेलं, आणि माझीच बाजू तेवढी उरली.

शनिवारी मी वर्गाला जाणार नव्हते. घाटकोपरपर्यंत गेले, मेट्रोच्या जिन्याखाली उभी राहिले, आणि मग गेलेच. बाईंकडे नवं भाषण सुरू करायचं होतं. मी म्हटलं, "बाई, आज मी एक खटला आणलाय. लॅटिन नाही. घरचा आहे. उद्या निकाल द्यायचाय."

बाईंनी पुस्तक मिटलं. वसुधाताईंनी पाय खाली घेतले. मी नियम समजावला, विषय सांगितला, प्रबुद्ध कोण होता ते सांगितलं. इतके शनिवार येत होते, पण नवऱ्याबद्दल मी तिथे कधी बोलले नव्हते. मग उभी राहून माझी बाजू मांडली, आदल्या रात्रीपेक्षा चांगली. बेंगळुरूच्या इडलीवर विनोद केला, प्रज्योत हसला. बहीण झाली, डोंगर झाले, हा वर्गसुद्धा घातला मी मुद्द्यांत. आणि शेवटी म्हणाले, "बाकी घर म्हटलं की आठवणीबिठवणी आल्याच, त्यात मी आपला वेळ घेत नाही." आणि बसले.

प्रज्योत घसा खाकरून म्हणाला, "ताई, सॉरी हां. पण इथेच फुटलात तुम्ही."

"कुठे?"

"वेळ घेत नाही म्हणालात ना, तिथे. बाकी सगळ्यावर पाच पाच मिनिटं बोललात. डोंगरावर बोललात यार. आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्याला एक वाक्य. मी समोरचा वकील असतो ना, तर बाकीचं सोडून तिथेच घुसलो असतो."

"इडलीवरही हसलात," बाई म्हणाल्या. "म्हणजे चेतनाकडे जाण्याची तुम्हाला भीती नाहीये. जिथे भीती आहे तिथे तुम्ही हसला नाहीत, नुसत्या पळालात." त्यांनी टीपॉय बाजूला सरकवला. "आता उठा. प्रतिकूल बाजू. आणि लंगडा करायचा नाही."

"मला येत नाही तो. काल करून बघितलं."

"काल तुम्हाला हवं ते तुम्ही त्याच्या तोंडी घातलंत. आज तुमच्या भाषणातून काढा त्याला. तुम्ही काय लपवलंत ते त्याच्याइतकं कोणाला कळलं असतं?"

मी उठले. वसुधाताई माझ्याकडे अगदी टक्क जाग्या राहून बघत होत्या. मला आठवलं की प्रबुद्ध कधीच विरोधाने सुरुवात करायचा नाही. आधी सगळं मान्य करून टाकायचा, समोरच्याच्या हातातली काठी काढून घ्यायचा, म्हणून परीक्षक त्याच्यावर खूश असायचे. तेवढंच धरून मी तोंड उघडलं.

"अध्यक्ष महाराज, माझ्या सहकारी वक्त्या म्हणाल्या ते सगळं खरं आहे. बहीण पलीकडच्या इमारतीत आहे हे खरं. तिच्याशी यांचं महिन्यातून दोनदा भांडण होतं आणि तिसऱ्यांदा अबोला, हेही खरं. कन्नड येत नाही, खरं. लॅटिन कुठे येत होतं? डोंगर आहेत. तीस वर्षांत या गच्चीवर किती वेळा गेल्या ते मी विचारत नाही, पापड वाळत घालायला गेल्या होत्या तेवढं मला आठवतंय."

प्रज्योत हसायला लागला. माझा आवाज खाली गेला होता, जरा घोगरा. हे मी करत नव्हते. किंवा करत असेन, मला सांगता येणार नाही.

"सगळं मान्य. आता ज्यात यांनी वेळ घेतला नाही त्यात मी थोडा घेतो. यांना घर सोडवत नाही, कारण यांना वाटतं घरात मी आहे. ओट्यावर. दोन वर्षं ही बाई ओट्याकडे तोंड करून बोलते, थांबते, वाट बघते, परत बोलते. पडद्यांवर बोलली, गॅसच्या शेगडीवर बोलली, काल रात्री तर पूर्ण भाषण ठोकलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कोणी मध्ये बोललं नाही. एकदाही नाही. मित्रा, मी तिथे असतो तर तुला एक तरी वाक्य पुरं करू दिलं असतं का?"

मला पुढचं दिसेना. टीपॉय, बाई, सगळं पाण्यात गेलं. पण तो थांबत नव्हता, आणि मी त्याला थांबवणार नव्हते.

"हाच माझा पुरावा. मी तिथे नाही. शोधून झालंय तुझं, सगळ्या खोल्या बघून झाल्यात, आणि तुला ते माहीत आहे, म्हणून तर त्या एका वाक्यावरून पळालीस. तुला भिंती नकोत गं. भिंती कधी कोणाला उलट बोलल्यात? तुला भांडायला माणूस लागतं. चेतना आहे, ती माझ्यापेक्षा वाईट बोलते, म्हणजे तुझी सोय झाली. आणि चार महिन्यांनी तिच्या घरी एक जण येतंय. ते रात्रंदिवस प्रतिकूल बोलणार आहे. दूध दिलं तर नको, नाही दिलं तर हवं. तुझं एक वाक्य पुरं होऊ देणार नाही. जा तिकडे. इथे रिकाम्या ओट्यासमोर रोज जिंकत बसण्यापेक्षा तिथे जाऊन रोज हर. एवढं बोलून मी माझी बाजू संपवतो."

मी खुर्चीवर बसले. वसुधाताईंनी रुमाल पुढे केला, मग तो परत घेऊन स्वतःचेच डोळे पुसले. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. ती अखेर सुरू होऊन गेली.

"तुमच्या स्पर्धेत शेवटी काय असायचं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम शिकवताना असतो तसा होता आणि मला ते बरं वाटलं.

"प्रतिकूल वक्ता बसला की अनुकूल वक्त्याला उत्तराची वेळ मिळते," मी म्हटलं. "थोडीशी. शेवटचा शब्द अनुकूलचा."

"मग घ्या."

उत्तराची वेळ मी आयुष्यात कधी सोडली नव्हती. त्याच वेळेत मी जिंकायची. तो बसला की मी उठायची, त्याचे सगळे मुद्दे ओळीने उचलायची आणि एकेक खाली टाकायची, आणि तो ओट्यावरून पाय हलवत हसत बघायचा, जसं काही मी त्याचंच भाषण करतेय.

मी उठले. प्रज्योत सरसावून बसला, त्याला वाटलं आता मजा येणार. मुद्दे माझ्याकडे होते, नव्हते असं नाही. बाळ वर्षभरात मोठं होईल, शाळेत जाईल, मग मी काय करू. परक्या गावात मेले तर माझ्यासाठी बोलायला कोण उभं राहील. तयार होते मुद्दे, जिभेवर होते. पण समोरची खुर्ची, जिच्यावरून मी आत्ताच उठले होते, ती रिकामी होती, आणि क्षणापूर्वी तो तिथे बसला होता.

"मान्य," मी म्हटलं. "सगळे मुद्दे मान्य. उद्या सगुणाला हो म्हणून सांगते, जाते मी चेतनाकडे." मग पुढचं बाईंना नव्हतं, प्रज्योतला नव्हतं, त्या खुर्चीकडे बघून म्हटलं. "पण तू खाली बसू नकोस ना रे. अजून बोल."